माशाला कापूस लागण्याआधी

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



आपल्या खान्देशात कापूस फुटला की घरात जरा बरं वाटतं. वेचणीला बाई मिळत नाही, व्यापारी भाव पाडून मागतो, ही रडकथा आहेच. पण शेत पांढरं झालं की चार पैसे येणार एवढं नक्की असतं. एकच कापूस असा आहे, की तो दिसला की बाई जागच्या जागी खाली बसते. हा कापूस शेततळ्यात दिसतो. थंडी पडली की एखादा मासा काठाशी येऊन सुस्त उभा राहतो, हात लावला तरी पळत नाही. त्याच्या पाठीवर, शेपटीच्या बुडाशी किंवा कल्ल्यांजवळ पांढरा-करडा बोळा चिकटलेला असतो. मग आमच्याकडे फोन येतो, “माशाले कापूस लागना व माय, आते काय करानं?”

गेल्या हिवाळ्यात या फोनला आणखी एक प्रश्न जोडून यायला लागला. “पावात घालतात ते यीस्ट माशाला खाऊ घातलं तर ही बुरशी जाते म्हणतात. खरं का?” कुणाला खाद्य विकणाऱ्यानं सांगितलेलं, कुणाच्या मुलानं मोबाइलवर पाहिलेलं. आज त्याबद्दलच बोलू. यातलं ‘नाही’ आधी सांगतो, कारण त्यात पैसा वाचतो. एकदा लागलेली बुरशी यीस्टनं जात नाही. कापूस लागलेला मासा खातच नाही, मग खाद्यातून दिलेली कोणतीही गोष्ट त्याच्या पोटात जाणार कशी? पण कापूस लागायच्या आधी, मासा चांगला खात असताना, काही आठवडे थोडं यीस्ट त्याच्या खाद्यात गेलं तर त्याच्या अंगातली राखण जागी होते. म्हणजे यीस्ट कामाचं आहे, फक्त त्याची वेळ थंडीच्या अलीकडची आहे.

आधी ही बुरशी कुठून येते ते पाहू. तिचं नाव सॅप्रोलेग्निया. आपण बुरशी म्हणतो, डॉक्टरही बोलताना बुरशी म्हणतात, पण शास्त्रज्ञ तिला खऱ्या बुरशीत धरत नाहीत. तिची नातीगोती शेवाळाच्या एका कुळाशी जास्त जवळची आहेत. ती बाहेरून कुणी आणून टाकत नाही. प्रत्येक तळ्यात, नाल्यात, धरणात ती असतेच. मेलेला किडा, कुजलेलं पान, न खाल्लेलं खाद्य यांवर ती जगते. तिचे डोळ्यांना न दिसणारे बीजाणू पाण्यात पोहत फिरतात आणि बसायला जागा शोधतात. धडधाकट माशावर त्यांना जागा मिळत नाही. माशाच्या अंगावरचा तो बुळबुळीत थर, जो भाजी करताना आपण राखेनं किंवा मिठानं घासून काढतो, तीच त्याची पहिली भिंत. खवल्यांची दुसरी. जिथे खवला निघाला, कातडी खरचटली, तिथे बीजाणू बसतो आणि मूळ धरतो. दोन-तीन दिवसांत त्याचा बोळा होतो.

मग ती थंडीतच का येते? डिसेंबर-जानेवारीत जळगाव-धुळ्याचा पारा दहाच्या खाली उतरतो, हे तुम्हाला सांगायला नको. माशाला आपल्यासारखं अंग गरम ठेवता येत नाही. पाणी जेवढं गार, तेवढा तो गार. पाणी वीस अंशांच्या आसपास किंवा खाली गेलं की कटला, रोहू, मृगळ यांची भूक मंदावते, जखम भरायला वेळ लागतो, आणि रोगाशी लढणाऱ्या पेशीही आळसावतात. सॅप्रोलेग्नियाला मात्र हेच पाणी मानवतं. म्हणजे एकाच आठवड्यात राखणदार झोपतो आणि चोर जागा होतो. त्यातच आपण काय करतो? मासा किती वाढला ते बघायला नेमकं थंडीत जाळं मारतो. जाळं जाडंभरडं असलं, दोघींनी ओढायचं ते एकीनं ओढलं, मासे काठावर मातीत टाकून मोजले, की त्या एका सकाळी शेकडो माशांचे खवले निघतात. आमच्या गटांमध्ये कापूस लागल्याचे जितके फोन आले, त्यात आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो, की गेल्या पंधरा दिवसांत जाळं मारलं होतं का. बहुतेक वेळा उत्तर ‘हो’ येतं.

एक खूण मात्र नीट बघा. अंगावर पांढरा बोळा नसून लाल, खोल व्रण असतील, मांस दिसत असेल, तर तो वेगळा रोग. हाही बुरशीच्याच जातीचा, अफॅनोमायसिस नावाच्या जीवानं होणारा. १९८८ मध्ये तो ईशान्य भारतात आला आणि मग देशभर पसरला. त्यावर भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेनं, म्हणजे सिफानं, ‘सिफॅक्स’ नावाचं औषध काढलं. लाल व्रण दिसले तर यीस्टबिस्ट बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात कळवा.

आता यीस्ट. हा शब्द परका वाटला तरी वस्तू घरातली आहे. जिलेबीचं पीठ रात्रभर ठेवल्यावर आंबतं, बेकरीतला पाव फुगतो, सातपुड्याच्या पाड्यांवर मोहाची फुलं आंबवतात, या सगळ्यात यीस्टचा हात आहे. लेकरांना जुलाब लागले की डॉक्टर पाण्यात कालवून प्यायला जी पुडी देतात, तिच्यापैकी काहींत यीस्टचीच एक जात असते. आणि गंमत म्हणजे यीस्ट स्वतः बुरशीच आहे. एका पेशीची, साधीसुधी, माशाला काही न करणारी बुरशी.

मग बुरशी खाऊन बुरशीपासून राखण कशी होते? याचं उत्तर यीस्टच्या सालीत आहे. प्रत्येक यीस्टच्या पेशीभोवती एक जाड साल असते. त्या सालीत बीटा-ग्लुकॅन नावाचा पदार्थ असतो. साखरेचे कण एकाला एक जोडून तयार झालेली ती एक लांब साखळी समजा. माशाच्या अंगात हा पदार्थ कधीच तयार होत नाही. त्यामुळे त्याच्या आतड्यात ही साल आली की त्याच्या पांढऱ्या पेशी लगेच ओळखतात, हे आपल्यातलं नाही, कुणी परका आला. आणि रोग आल्यावर जी धावपळ करायची ती करायला लागतात. परक्याला गिळणाऱ्या पेशी वाढतात, अंगावरच्या त्या बुळबुळीत थरात जंतू फोडणारे रस वाढतात. प्रत्यक्षात हल्ला झालेलाच नसतो. शाळेत आग लागल्यावर काय करायचं याची तालीम घेतात ना, तसंच हे. सॅप्रोलेग्नियाच्या भिंतीतही बीटा-ग्लुकॅन असतं, म्हणजे तालीम ज्या चोराची झाली त्याच्याच जातीचा चोर पुढे येतो. सालीतल्या आणखी एका साखरेचा आतड्यालाही उपयोग होतो. काही वाईट जंतू आतड्याला चिकटण्याऐवजी तिला चिकटतात आणि विष्ठेबरोबर बाहेर पडतात.

हे ऐकून कुणी म्हणेल, म्हणजे ही लसच झाली. नाही. लस एका रोगाची ओळख अंगात पुष्कळ काळ ठेवते. यीस्टनं आलेली जाग काही आठवड्यांत उतरते. म्हणून एप्रिलमध्ये दिलेलं यीस्ट डिसेंबरला उपयोगी पडत नाही.

या सगळ्याला आधार काय? आधार आपल्याच देशातला आणि आपल्याच रोहूवरचा आहे. सिफाच्या शास्त्रज्ञांनी रोहूच्या बोटुकलीला छप्पन्न दिवस वेगवेगळ्या मात्रेत बीटा-ग्लुकॅन दिलं. २००६ मध्ये ते काम छापून आलं. त्यात एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटली. सगळ्यात जास्त मात्रेला सगळ्यात चांगला निकाल आला नाही. मधली मात्रा, म्हणजे एक किलो खाद्याला पाव ग्रॅम ग्लुकॅन, सरस ठरली. भाजीत मीठ जास्त घातलं म्हणून चव वाढत नाही, तसंच. इजिप्तमध्ये तिलापीवर पावाच्या यीस्टचे प्रयोग झाले, तिथेही खाद्यात थोडंसंच यीस्ट घालून मासे चांगले वाढले आणि रोगाच्या जंतूंपुढे जास्त टिकले.

आता नीट ऐका. हे प्रयोग जिवाणूंपुढचे आहेत. मासे यीस्ट किंवा ग्लुकॅन खाऊन तयार केले आणि मग त्यांना एरोमोनास नावाच्या जिवाणूची लागण केली. कापसापुढचे नाहीत. म्हणून दुकानदार जेव्हा पुड्यावर ‘बुरशीचा शंभर टक्के नायनाट’ असं लिहून विकतो, तेव्हा तो जेवढं सिद्ध आहे त्याच्या पुढचं विकतो. आमच्या एका गटाला असाच एक चकचकीत पुडा महागात विकला होता. लेबल वाचलं तर आत काय, किती टक्के, काहीच नाही. यीस्ट माशाची एकूण ताकद वाढवतं, आणि ताकदवान माशावर कापूस सहसा बसत नाही, एवढंच आम्ही छातीठोकपणे सांगतो. तेवढ्यासाठी स्वस्तात मिळणारं साधं यीस्ट पुरतं.

आता करायचं कसं. आपल्याकडे बहुतेक गट कानबाईच्या आसपास, श्रावणात, बीज सोडतात आणि आखाजीच्या आधी, तळं आटायच्या आत, मासा विकतात. मधली थंडी काढायची आहे. म्हणून तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला यीस्ट सुरू करायचं. तेव्हा पाणी अजून फार गार नसतं, मासा भरपूर खातो. तीन आठवडे द्यायचं आणि थांबायचं. दोन-तीन आठवडे साधं खाद्य. मग संक्रांतीच्या आधी मासा खात असेल तर पुन्हा दोन आठवडे. सतत, रोज, वर्षभर देण्यात फायदा नाही. रोज भोंगा वाजला तर कुणी लक्ष देत नाही, माशाच्या पेशींचंही तसंच होतं.

मात्रा एक किलो खाद्याला दहा ग्रॅम कोरडं यीस्ट. हिशोब करून दाखवतो, कारण अंदाजपंचे टाकण्यातच जास्त पैसा जातो. समजा गटानं एक हजार बोटुकली सोडली होती. त्यातली सहाशे जगली असं धरा. हात जाळीनं दहा-बारा मासे अलगद काढून वजन केलं, सरासरी अडीचशे ग्रॅम आलं. म्हणजे तळ्यात दीडशे किलो मासा आहे. या दिवसांत वजनाच्या दीड टक्का खाद्य पुरतं, म्हणजे दिवसाला सव्वादोन किलो. त्याला साडेबावीस ग्रॅम यीस्ट. एकवीस दिवसांचे झाले पावणेपाचशे ग्रॅम. अर्धा किलोचा एक पुडा आणला की काम झालं. ज्या गटात हिशोबाची वही एकीकडेच असते, तिथे हे गणित सगळ्यांसमोर फळ्यावर मांडा. नाहीतर ‘त्या ताईनं किती टाकलं कुणास ठाऊक’ अशी कुजबुज सुरू होते, आणि गट बुरशीनं नाही, कुजबुजीनं मोडतो.

यीस्ट आणताना एक घोटाळा फार होतो. किराणा दुकानात ‘यीस्ट द्या’ म्हटलं की बेकिंग पावडर किंवा खाण्याचा सोडा हातात पडतो. ते यीस्ट नाही. यीस्ट म्हणजे बारीक, फिकट तपकिरी, मोहरीहूनही लहान दाणे, आंबूस वासाचे. बेकरीवाल्याकडे किंवा तालुक्याच्या मोठ्या किराणा दुकानात ते मिळतं. जनावरांच्या औषधांच्या दुकानातही मिळतं, गाई-म्हशींना चारा पचावा म्हणून देतात ते. तेही चालतं, फक्त लेबलवर सॅकरोमायसिस हे नाव आहे का आणि मुदत संपली नाही ना, हे वाचून घ्या. घरी आणल्यावर वाटीभर कोमट पाण्यात चिमूटभर गूळ आणि अर्धा चमचा यीस्ट टाकून ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत फेस आला तर माल ताजा आहे. फेस आला नाही तर यीस्ट मेलेलं आहे. मेलेल्या यीस्टची साल तशीच राहते, त्यामुळे ते अगदी वाया जात नाही, पण ताज्याचे पैसे देऊन शिळा माल का घ्यायचा? परत करा.

खाद्य आपल्याकडे बहुतेक जणी तांदळाचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड निम्मी-निम्मी करून देतात. रात्री पेंड भिजवायची. सकाळी कोंडा मिसळायचा. ज्वारीच्या पिठाची पातळ पेज करून ती कोमट होऊ द्यायची, हात बुडवला तर चटका बसणार नाही इतकी. त्यात यीस्ट कालवायचं आणि ती पेज खाद्यात मळायची. पेजेमुळे खाद्य धरून राहतं, पाण्यात पडल्या पडल्या यीस्ट धुऊन जात नाही. लाडूएवढे गोळे करून टोपलीत किंवा भोकं पाडलेल्या गोणीत ठेवून, दोरीनं पाण्यात सोडा. विकतचं दाणेदार खाद्य वापरत असाल तर त्यावर हीच पेज शिंपडून, हलवून, सावलीत वाळवा. मळलेलं खाद्य त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी ते आंबतं. दोन तासांनी टोपली वर काढून बघा. खाद्य उरलं असेल तर दुसऱ्या दिवशी कमी टाका. उरलेलं तळाशी कुजतं आणि तिथेच सॅप्रोलेग्नियाची पंगत बसते. यीस्ट थेट पाण्यात ओतण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ते माशाच्या पोटात जायला हवं, पाण्यात सोडून काही होत नाही.

पेंडीबद्दल थोडं जास्त बोलू, कारण आमच्या मते खरी गोम इथे आहे. पावसाळ्यात ओलावा लागलेली शेंगदाण्याची पेंड घरच्या कोपऱ्यात पडून असते. तिच्यावर हिरवट-पिवळट बुरशी येते. ‘माणसाला नको, माशाला चालेल’ म्हणून ती तळ्यात जाते. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. त्यानं मासा लगेच मरत नाही, म्हणूनच कुणाच्या लक्षात येत नाही. त्याचं यकृत खराब होतं आणि रोगाशी लढायची ताकद जाते. मग थंडीत कापूस लागला की आपण थंडीला दोष देतो. सिफाच्या शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये यावरच काम छापलं. रोहूला अफ्लाटॉक्सिन देऊन त्याची ताकद खचवली आणि मग बीटा-ग्लुकॅन दिलं, तर ती ताकद बरीचशी परत आली. हे वाचून कुणी असा अर्थ काढेल की बुरसलेली पेंड द्यावी आणि वर यीस्ट द्यावं. तसं करू नका, बायांनो. एका हातानं विष आणि दुसऱ्या हातानं उतारा, असा संसार चालत नाही. आणि पेंड उन्हात घातल्यानं वरची बुरशी वाळते, विष तसंच राहतं, भाजलं-उकळलं तरी सहज जात नाही. बुरसलेली पेंड जनावरालाही घालू नका, दुधात उतरते. उकिरड्यात पुरा.

सातपुड्याकडच्या, शिरपूर-चोपडा-यावलच्या वरच्या पाड्यांवरच्या मैत्रिणी विचारतात, की मोहाची दारू गाळल्यावर उरलेला गाळ माशाला चालेल का, त्यात यीस्टच तर असतं. प्रश्न हुशारीचा आहे. पण त्या गाळात यीस्ट किती, आंबटपणा किती, दारू किती, काहीच मापात नसतं. नकोच. आणि मोहाच्या बियांची पेंड तर माशाच्या खाद्याजवळसुद्धा फिरकू देऊ नका. तिच्यात माशाला मारणारा साबणासारखा पदार्थ असतो. बीज सोडण्याआधी तळ्यातले नको ते मासे मारायला ती मुद्दाम टाकतात, हेक्टरला अडीच हजार किलो या मापानं, आणि मग दोन-तीन आठवडे थांबून बीज सोडतात.

एवढं करूनही कापूस लागला तर? लागू शकतो. तेव्हा यीस्ट बंद, खाद्यही बंद किंवा अगदी थोडं. मेलेले मासे रोज सकाळी काढून तळ्यापासून लांब, चुना टाकून पुरा. काठावर टाकले तर कुत्रं ओढून पुन्हा पाण्यात आणतं. जवळ विहीर असेल तर दुपारी विहिरीचं पाणी तळ्यात सोडा. थंडीत विहिरीचं पाणी तळ्यापेक्षा कोमट असतं, हे आपल्याला अंघोळीवरून माहीत आहे. मात्र ते उंचावरून, फरशीवर किंवा दगडावर आपटून पडू द्या, म्हणजे त्यात हवा मिसळते. पाण्याची खोली पाच-सहा फूट ठेवा, उथळ तळं रात्रीत गारठतं. चुना टाकायचा तर आधी सामू तपासा. आपल्या काळ्या मातीच्या मुलखात, त्यात प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात, सामू आधीच साडेआठच्या वर असू शकतो. तसा असेल तर चुना नको. कमी असेल तर दहा गुंठ्यांच्या तळ्याला वीस किलोच्या आसपास विरलेला चुना, पाण्यात कालवून, गार झाल्यावर, सकाळी.

हाताशी आलेल्या थोड्या माशांना मिठाची अंघोळ घालता येते. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम खडे मीठ, आणि मासा दोन-तीन मिनिटं त्यात. एकीनं घड्याळ बघायचं, एकीनं माशाकडे. तो आडवा पडायला लागला की वेळ झाली नसली तरी लगेच साध्या पाण्यात. जाळं मारून विक्री करताना परत सोडायचे जे लहान मासे असतात, त्यांना तर ही अंघोळ कापूस नसतानाही घाला. ज्या दिवशी खवला निघतो त्याच दिवशी ती सगळ्यात उपयोगी पडते.

हिरव्या रंगाचं एक औषध कुणी पुढे केलं, मॅलॅकाइट ग्रीन नावाचं, तर घेऊ नका. एके काळी जगभर बुरशीवर तेच वापरत. बुरशी जायची हे खरं. पण ते माशाच्या मांसात राहतं आणि कॅन्सरचा धोका असल्यामुळे युरोप-अमेरिकेत खायच्या माशाला ते बंद केलं. बंद झाल्यावर तिकडच्या साल्मन माशाच्या व्यवसायात बुरशीनं पुन्हा डोकं वर काढलं, आणि म्हणूनच माशाची स्वतःची ताकद वाढवायच्या वाटा लोक शोधायला लागले. नॉर्वेत तर लाकडाच्या साखरेवर यीस्ट वाढवून ते साल्मनला खाऊ घालायचे प्रयोग झाले आहेत. आपल्याला लाकूड फोडायची गरज नाही, अर्धा किलोचा पुडा पुरतो.

पैशाचं एक सांगायचं राहिलं. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० मध्ये आली. तिच्यात महिलांना प्रकल्पखर्चाच्या साठ टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, सर्वसाधारण गटाला चाळीस. त्यामुळे आपल्या भागात गटाच्या नावानं तळी वाढली. पण अनुदान तळ्याला आणि बीजाला मिळतं, मेलेल्या माशाला नाही. बँकेचा हप्ता मासा जगला काय, मेला काय, यायचा तेव्हा येतोच. म्हणून कार्तिकातल्या गटाच्या बैठकीत यीस्ट, मीठ, सामू मोजायच्या पट्ट्या आणि बारीक, गाठ नसलेलं हात जाळं या चार गोष्टींचा खर्च आधीच मंजूर करून ठेवा. यीस्ट देत असाल तर वहीत तारीख, खाद्य, यीस्ट, पाण्याचं सकाळचं तापमान आणि मेलेले मासे, असे पाच रकाने पाडा. दोन शेजारची तळी असतील तर एकाला यीस्ट द्या, एकाला देऊ नका, बाकी सगळं सारखं ठेवा. दोन्हीकडचे आकडे एकाखाली एक मांडले की पाल किंवा धुळ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवायला नेता येतील. तिथले साहेब आपल्या तोंडी सांगण्यापेक्षा वही जास्त मन लावून बघतात, हा आमचा अनुभव.

शेवटी तुमच्याकडून नेहमी येणारे दोन प्रश्न. पहिला हसत हसत विचारला जातो, की यीस्टनं माशाला चढते का. नाही चढत. यीस्टला दारू करायला गूळ-साखर आणि वेळ लागतो. पेजेत मळून तासाभरात तळ्यात गेलेल्या यीस्टला दोन्ही मिळत नाही. दुसरा प्रश्न बाजारात गिऱ्हाईक विचारतं, की काही औषध घातलंय का. यीस्ट घातलेला मासा त्याच दिवशी धरून विकला, खाल्ला तरी चालतो, कारण ते माशाच्या अंगात विष म्हणून साठत नाही. गिऱ्हाइकाला सरळ सांगा, सकाळी चहाबरोबर जो पाव खाल्ला ना, त्यात घातलेलं तेच याला घातलंय. आणि पाटीतला मासा उलटा करून त्याची पाठ दाखवा.